हॉस्टेलची खोली हातानं सजवायचीय, बजेट ५००, पावसात टिकेल असं काहीतरी सुचवा

सत्तरीची लेक
नमस्कार मंडळी. यंदा पणजीजवळ एमेस्सीला ॲडमिशन घेतलीय आणि पहिल्यांदाच घर सोडून राहतेय. दोघींत एक खोली, दोन लोखंडी खाटी, दोन कपाटं, एक ग्रीलची खिडकी आणि भिंतींना फिकट पिवळा रंग, संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की घरची इतकी आठवण येते की जेवण जात नाही. भिंतीत खिळा मारायला बंदी आहे. जूनमधे हौसेनं मैद्याची खळ करून घरचे फोटो आणि पेपराची फुलं चिकटवली तर पंधरा दिवसांत मागून हिरवी-काळी बुरशी धरली, आजीच्या फोटोचा एक कोपरा गेलाच, आणि सोलून काढताना भिंतीचे पोपडे निघाले. व्हिडिओत दाखवतात ती कागदाची कामं आपल्या हवेत टिकत नाहीत असं वाटायला लागलंय. गणेशचवथीला घरी जाणार आहे, येताना तिथून काय आणू तेपण सांगा.

ताळगावचा जुना हॉस्टेलवाला
सहा वर्षं हॉस्टेलात काढली त्यामुळे मनापासून लिहितोय. पहिली गोष्ट, भिंतीला काहीच चिकटवू नकोस, डबल टेपसुद्धा नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओल असते, तिला टेकलेली वस्तू मागून वाळतच नाही, मग बुरशी येणारच. सगळं टांगायचं. तुझ्याकडे सत्तरी तालुक्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात ना, लाकडी चौकटीला फळं-फुलं टांगून, तसंच करायचं. खाटेला मच्छरदाणीच्या दांड्या असतील तर उशाकडच्या दोन दांड्यांना वर एक आडवी काठी बांध, तिच्या खाली वीतभर अंतरावर दुसरी, सुंबानं किंवा घरी मिळाली तर केवणीच्या सालीच्या दोरानं घट्ट आवळ, आणि मग त्यावर काय हवं ते लोंबकळू दे, फोटो, करवंट्या, सुकलेल्या मुरुडशेंगा (त्यांचा पीळ इतका सुंदर दिसतो की वेगळी सजावट लागतच नाही). फोटो कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी लाव, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, ओल धरत नाही. फळं मात्र माटोळीतली आणू नकोस, सडतात आणि मुंग्या येतात. काठी बांबूची घेतलीस तर ताजी कापलेली नको, आतून भुंगा पोखरतो आणि रोज सकाळी उशीवर पिवळी भुकटी पडते, माझ्या उशीवर महिनाभर पडत होती. घरी व्हाळात (ओढ्यात) दोनेक आठवडे बुडवून मग सावलीत वाळवलेली काठी मिळाली तर तीच आण. आणि पंख्याच्या पात्यापासून लांब ठेव सगळं.

म्हापशाची मावशी
माझी मुलगी पण हॉस्टेलात होती म्हणून सांगते बाळ. आईची जुनी सुती साडी माग, सिंथेटिक नको. अर्धी खिडकीला पडदा, शिवायचंपण नाही, वरची कड दुमडून नाडी ओवायची. उरलेल्या अर्ध्यातून पट्ट्या फाडून वेणी घालायची आणि ती गोल गोल फिरवत सुईदोऱ्यानं शिवत जायची, खाटेपुढं पायपुसणं होतं. लहानच कर हं, ताटाएवढं, नाहीतर पावसात धुतलं की चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. सुंब, टोपल्या, सुपं म्हापशात शुक्रवारच्या बाजारात मिळतील. एक छोटं सूप घेऊन दारावर अडकव, छान दिसतं.

गेरू आणि चुना
हे वाचून राहवलं नाही! आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या नक्षीदार फरशा, सगळे करतात, पुठ्ठ्याचे चौकोन पांढरे रंगवून त्यावर निळी फुलं, पणजीच्या जुन्या फोंताइन्हास वाड्यात दिसतात तशी. छानच होतात, पण पुठ्ठा पावसात फुगतो. त्यापेक्षा आपली कावी कर, गोव्यातली जुनी भिंतीवरची चित्रकला. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात बघितली असशील, पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देतात आणि तो अणकुचीदार सळईनं खरवडला की खालचा पांढरा दिसतो, म्हणजे चित्र रंगवायचं नसतं, कोरून काढायचं असतं. खोलीत करायला सुताराकडून प्लायचा उरलेला तुकडा माग, फुकट देतात. त्याला पॉलिश पेपर मार, पांढऱ्या रंगाचे दोन हात दे, पूर्ण वाळू दे. मग गेरू पाण्यात कालवून त्यात अगदी थोडा फेविकॉल घाल आणि एक हात मार. आता खरी गंमत इथंच आहे, गेरू ओला असताना कोरलं तर रेघ पसरते आणि कडक वाळल्यावर कोरलं तर टवके उडतात. बोट लावल्यावर रंग बोटाला येत नाही पण हाताच्या पाठीला अजून थंड लागतो, तेव्हा कंपासपेटीतल्या कर्कटकानं कोरायला घे. आधी सरळ रेघा, मग वेल, मग कमळ. माझे पहिले दोन तुकडे वाया गेले, तिसऱ्यावर कमळ उमटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि झोप उडाली होती.

किनाऱ्यावरून
शिंपले टांगणार असशील तर आधी दोन दिवस गोड्या पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा, मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढतं आणि दोरा चिकट होतो. रिकामे, फुटकेच उचल. आत जीव असेल तर अजिबात नको, आणि मोठे शंख तर घेऊच नकोस, काही जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाटलीत मनीप्लांट ठेवणार असशील तर दर आठवड्याला पाणी बदल, डेंगीचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात.

ताळगावचा जुना हॉस्टेलवाला
लाइटांचं राहिलं. यूएसबीवरची एलईडी माळ घे, ती ५ व्होल्टवर चालते. एकाच एक्स्टेन्शनला इस्त्री, किटली आणि माळ असं लावू नका.

सत्तरीची लेक
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, देव बरें करूं. मच्छरदाणीच्या दांड्या आहेत! बाबांना फोन केला, ते म्हणाले परसातली एक काठी आजच व्हाळात टाकतो. आईनं निळी साडी बाजूला काढलीय. मावशी, साडीची पट्टी किती रुंद फाडू? दोन बोटं चालेल का? आणि कावीचं, खालचा पांढरा रंग डिस्टेंपरचा चालतो का, की ऑइलपेंटच लागतो?

गेरू आणि चुना
डिस्टेंपरच. ऑइलपेंटवर गेरू धरत नाही, पापुद्रा निघतो.

म्हापशाची मावशी
दोन बोटं बरोबर. साडी नवीन असेल तर आधी एकदा मिठाच्या पाण्यात भिजव, रंग जातो का बघ.