रंकाळ्यावर फोनवेड्यांचा कट्टा: लोकांचे जुने फोन आपण हातात घ्यायचे का?

रंकाळाकाठी: आपण पंधरा-वीस जण वर्षानुवर्षं नुसते एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतोय. माझं म्हणणं, महिन्यातनं एक रविवार सकाळी रंकाळ्यावर बसू. ज्याच्या घरात जुना फोन पडलाय त्यानं आणावा, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर, उघडून त्यात लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर बांधलेली फुकट सिस्टिम टाकून देऊ. माझा स्नॅपड्रॅगन ६२५ वाला फोन अँड्रॉइड ७ वर अडकला होता, कंपनीनं हात वर केले. आता आई त्यावर दिवसभर भजनं लावते, चार्जिंग दुसऱ्या दिवशी दुपारी. असला फोन भंगारात कशाला घालायचा?

लक्ष्मीपुरीकर: भावा, आईच्या फोनवर यूपीआय आहे का ते आधी सांग. बूटलोडर उघडा ठेवला की गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत फोन नापास होतो, आणि बँकांची बरीच ॲपं तीच तपासणी मागतात. मी मामांच्या फोनवर हाच उद्योग केला. आठवड्यानं मामा मिसळ खाऊन बिल द्यायला उभे, ॲप म्हणतंय हा फोन सुरक्षित नाही. मागं रांग. मामांनी सगळ्यांदेखत माझा उद्धार केला. वर बूटलोडर उघडताना सगळा डेटा पुसला गेला, नातीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. मामी अजून जेवायला वाढताना काढते. माझा विरोध.

रंकाळाकाठी: यूपीआय नाही, आई रोखीवाली. आणि डेटा पुसतो म्हणूनच चौघांत बसून करायचं की! तू एकट्यानं रात्री दोनला केलं असणार.

लक्ष्मीपुरीकर: दीडला.

पंचगंगाघाट: मीही विरोधात, पण कारण वेगळं. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड ही अशीच फुकट सिस्टिम बंद पडली, त्यातनं लिनिएज उभं राहिलं, तेव्हा आपण रात्रीच्या रात्री जागलो. नाद होता तो. आता पिक्सेल ८ पासून गूगल आणि एस२४ पासून सॅमसंग ७ वर्षं अपडेट देतंय. गरज कुणाला आहे?

रंकाळाकाठी: ते महागड्या फोनांचं झालं. दहा हजारांच्या फोनला ७ वर्षं कोण देतंय, मर्दा?

राजारामपुरीची: तुमचं रॉमचं, म्हणजे फोनात टाकायच्या सिस्टिमचं, भांडण चालू द्या. आपल्यात फोन एकमेकांना विकले जातात, त्याचं बघा आधी. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, काढा, बिलावरच्या नंबराशी जुळवा. मग केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ ला टाका. फोन काळ्या यादीत असला तर तिथंच कळतं. कट्ट्यावर एवढं एक काम झालं तरी मी येते. पण मागचं झाकण उचललंय, बॅटरी फुगलीय, असला फोन कुणी बाकावर उघडायला घेतला तर मी उठून जाणार. लिथियम आहे ते, टोचलं की पेटतं. तो थेट दुरुस्तीवाल्याकडं.

पंचगंगाघाट: हे पटलं. आयएमईआयसाठी बसू. फ्लॅशिंगला, म्हणजे नवी सिस्टिम टाकायला, माझा नकार कायम. लोकांचा फोन बंद पडला तर भरून कोण देणार?

रंकाळाकाठी: ज्याचा फोन त्याची जबाबदारी, आधीच सांगून टाकू.

लक्ष्मीपुरीकर: मामांनापण सांगितलं होतं. असो, येतो मी. फोनला हात लावणार नाही. येईल त्याला बॅकअप झाला का, यूपीआय आहे का, एवढंच विचारत बसतो.