शिकत असताना कामावर कठोर टीका झाली तेव्हा तुम्ही कसे सावरलात?

माझी भाची यंदा नाशिकला चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा भरवर्गात तिच्या कामाबद्दल असं काही बोललं गेलं, की पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तिला समजावता समजावता मला माझंच एक चित्र आठवलं.

२००४ साल. आम्ही शनिवारी गोदाघाटावर लँडस्केप करायला बसायचो. नारोशंकराच्या देवळाचं मी केलेलं जलरंगातलं चित्र सरांनी हातात घेतलं, "घाटावर डोळे मिटून बसली होतीस का?" म्हणाले आणि सगळ्यांसमोर टर्रकन फाडलं. मैत्रिणीने अर्धा तुकडा उचलून माझ्या दप्तरात ठेवला. पंधरा दिवस मी ब्रशला हात लावला नाही.

मग एका सकाळी तो तुकडा घेऊन एकटीच घाटावर गेले. देऊळ काळ्या दगडाचं, पण पायऱ्यांवर पडलेली त्याची सावली काळी नव्हतीच. निळसर होती, पाण्याजवळ तर जांभळट. मी मात्र सगळीकडे ट्यूबमधला काळा ओतला होता. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून तो करडा मिळवायला मला त्यानंतर वर्ष गेलं. सरांचं म्हणणं बरोबर होतं. फाडणं चूक होतं. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली. भाचीला तेवढी लागू नयेत, म्हणून विचारतेय. सावरला नसाल तर तेही लिहा.

इंदिरानगर, आर्किटेक्चर
आमच्याकडे ज्युरी असते, म्हणजे परीक्षकांसमोर आपलं डिझाइन मांडायचं. तीन रात्री जागून केलेल्या शीटवर लाल पेनाने काट मारतात आणि तुम्ही तिथेच उभे असता. मी आणि माझ्या रूममेटने ठरवलं होतं, एकीची ज्युरी चालू असताना दुसरीने मागे वही घेऊन उभं राहायचं. चौथ्या सेमिस्टरला मी रडत बाहेर आले. "मला काही येत नाही म्हणाले गं." तिने वही पुढे केली. त्यात होतं: जिन्याला हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) कमी. स्वयंपाकघर पश्चिमेला, दुपारचं ऊन येणार. पार्किंगमध्ये गाडी वळत नाही. बस्स. मी ऐकलेलं वाक्य वहीत नव्हतं, कारण ते कोणी बोललंच नव्हतं. भाचीला सांगा, एखाद्या मैत्रिणीला लिहून घ्यायला लाव.

पंचवटी, एकांकिका
शिरवाडकर आणि कानेटकर ज्या गावात राहून नाटकं लिहीत होते, तिथे नाटक लिहायचं म्हणजे दडपण असतंच. परीक्षक म्हणाले, "पात्रं पाच आहेत, बोलतोय एकच माणूस." माझ्यापेक्षा टीमचे चेहरे बघवत नव्हते, दोन महिने तालीम केली होती त्यांनी. शालिमारला चहाच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत परीक्षकांना शिव्या घातल्या. महिन्याभराने संहितेतली पात्रांची नावं कागदाच्या पट्टीने झाकली आणि आईला विचारलं, हे वाक्य कोणाचं? एकही ओळखता आलं नाही तिला. आजही प्रत्येक संहितेला ती पट्टी लावतो.

नाशिकरोड
मी सावरले नाही. एस.वाय.ला असताना एका काव्यवाचनात कविता वाचली. अध्यक्ष म्हणाले, "लग्न झालं की सुटेल हे खूळ." लोक हसले. त्यानंतर अकरा वर्षं एक ओळ लिहिली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मागच्या खुर्चीवर बसून कविता ऐकल्या आणि घरी येऊन माळ्यावरची वही काढली. त्या कवितेत काय चुकलं होतं हे मला आजही ठाऊक नाही. वरच्या तिघांना निदान ते तरी मिळालं.

गंगापूर रोड, कलाशिक्षक
दुसऱ्या बाजूने लिहितो. पंचवीस वर्षं शिकवतोय. सुरुवातीला मीही पोरांच्या चित्रांवर काट मारायचो, माझ्या शिक्षकांनी मला तसंच शिकवलं होतं. एक मुलगा यायचा थांबला. हात फार चांगला होता त्याचा. मी चौकशीसुद्धा केली नाही. बऱ्याच वर्षांनी सातपूरला एका फ्लेक्सच्या दुकानात भेटला, वाकून नमस्कार केला, चहा पाजला. चित्रं काढतोस का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आता मी विद्यार्थ्याच्या कागदाला हात लावत नाही. सांगायचं ते शेजारी कोऱ्या कागदावर काढून दाखवतो. 'तुझी चूक' म्हणत नाही, 'ही सावली बघ' म्हणतो. वेळ जास्त लागतो, लागू दे.

(पुन्हा मी.) भाचीला सगळं वाचून दाखवलं. नाशिकरोडच्या ताईंचं ऐकून गप्प बसली बराच वेळ. मग तिला म्हटलं, त्या दिवशी नेमकं काय बोलले ते शब्दाला शब्द लिही. तीन ओळी झाल्या. दोन तिच्याबद्दल होत्या, त्या तिनेच खोडल्या. उरली ती अशी: 'जवळचं आणि लांबचं सगळं सारखंच गडद.' उद्या सकाळी सहाला घाटावर जातोय आम्ही दोघी.