लासलगावच्या कांदा भावाला रँडम वॉक: ड्रिफ्ट कुठे गेला?

प्रश्न (नाशिक रोड): आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजच्या सरासरी भावाचा लॉग घेऊन अरिमा (०,१,०) चालवलं, म्हणजेच रँडम वॉक: कालच्या आकड्यात यादृच्छिक बदल मिळवला की आजचा. सिग्मा-स्क्वेअर (रोजच्या बदलाचा व्हेरियन्स, म्हणजे पसारा) येतो, ड्रिफ्ट (रोजचा सरासरी बदल) येतच नाही. का?

उत्तर: आरचं मूळ अरिमा फंक्शन डिफरन्स (आज वजा काल) घेतला की मीन (सरासरी) धरतच नाही, तुम्ही सांगितलंत तरी. फोरकास्ट पॅकेजमधलं अरिमा (पहिलं अक्षर कॅपिटल) वापरा, इन्क्लूड-ड्रिफ्ट ट्रू ठेवा. खरं तर लॉगचा नुसता डिफ (रोजचा फरक) काढलात तरी भागतं. त्याची सरासरी हाच ड्रिफ्ट.

दुसरं उत्तर: आधी खोट्या डेटावर बघा: आरनॉर्म या फंक्शनने ५०० यादृच्छिक आकडे, मीन ०.००१ (हाच खरा ड्रिफ्ट), एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) ०.०३, मग कमसम (चढती बेरीज). ड्रिफ्टच्या अंदाजाची स्टँडर्ड एरर (अंदाज साधारण किती चुकतो ते) ०.०३ भागिले रूट ५००, म्हणजे ०.००१३. ड्रिफ्टपेक्षा मोठीच! मग अंदाज उणेसुद्धा येईल.

आणि लिलाव बंद असलेले दिवस शेवटच्या भावाने भरू नका, शून्य फरक घुसून सिग्मा कमी दिसतो.