चार इंचांचे पाते पुरेसे आहे
व्हाइटटेल (उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या) हरणाचे पोट शिकारीच्या जागीच साफ करायला सहा इंची सुरी घ्यावी, असा सल्ला काही जण देतात. ते मला पटत नाही. धार वर ठेवून, पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटे आत सरकवून, आतडे किंवा मूत्राशय न फोडता कातडी उघडत न्यायची असते, आणि तिथे साडेतीन ते चार इंचांचे ड्रॉप पॉइंट (पाठीची कड टोकाकडे हळूहळू उतरत गेलेले) पातेच नीट ताब्यात राहते. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड असावे. मूठ मात्र रबरी आणि भडक नारिंगी हवी, कारण रक्त-चरबीने हात निसरडे होतात आणि नोव्हेंबरच्या पाचोळ्यात ठेवलेली तपकिरी सुरी शोधूनही सापडत नाही. डी-२ या भरपूर कार्बन-क्रोमियम असलेल्या पोलादाची धार टिकते, परंतु ते पूर्ण गंजरोधक नसल्याने त्याच दिवशी धुऊन-पुसून तेलाचा हात फिरवावा.