कबड्डी थांबल्यावर मुलांसाठी संस्था काढायची आहे, सुरुवात कुठून?

कोपरारक्षक
राज्य स्पर्धेपर्यंत खेळलोय, वय ३४, गुडघ्यामुळे खेळ बंद. तालुक्याच्या गावी १० ते १६ वयाच्या मुलामुलींसाठी संध्याकाळी मोफत वर्ग घ्यायचाय. नुसती चढाई-पकड नाही, मुलं बारावीपर्यंत शिकावीत हाही हेतू आहे. आधी संस्था नोंदवू की आधी वर्ग? सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधी, मिळतो का? मॅट लागेलच का?

हिशेबनीस
सीएसआर निदान तीन वर्षं डोक्यातून काढा. बाहेरच्या संस्थेला पैसे द्यायचे तर तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, असा कंपन्यांना नियम आहे. शिवाय १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची) नोंदणी लागते. तेव्हा नोंदणी लांबवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात सरळ मार्ग म्हणजे १८६० च्या कायद्याखाली सोसायटी. किमान सात सभासद लागतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी दोघांत निघते, पण दरवर्षीच्या कागदपत्रांचा खर्च लहान संस्थेला जड जातो.

सातही जण घरचेच घेऊ नका, देणगीदार पहिलं तेच बघतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. तो राहिला की पुढं बँकेत सह्या बदलताना सगळं अडतं. २००० रुपयांवरची देणगी रोख घेऊ नका, देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही.

मातीचं_मैदान
हिशेबनीस, इथं थोडा मतभेद. पहिले सहा महिने फक्त वर्ग चालवा. मुलं टिकली तर सात माणसं आपोआप सापडतात; नाहीतर नुसता शिक्का आणि लेखापरीक्षणाचा खर्च गळ्यात.

आधी मुख्याध्यापकांना भेटा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि प्रवेश शाळेच्या नावानं जातो, क्लबच्या नाही. शाळा बरोबर नसेल तर तयार झालेलं पोर घरी बसतं. मैदानाची परवानगी लेखी घ्या, मुख्याध्यापक बदलले की तोंडी शब्द संपतो.

मॅट पहिल्या वर्षी नको. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. तेवढ्या जागेतले खडे वेचा, माती भुसभुशीत करून चाळा, खेळाआधी तासभर पाणी शिंपडा. मात्र मातीवरचं पोर मॅटवर पहिल्यांदा उतरलं की पाय अडकून घोटा किंवा गुडघा जातो, कारण मातीत पाय सरकतो, मॅटवर चिकटतो. महिन्यातून एकदा जिल्हा क्रीडा संकुलातल्या मॅटवर न्या, बूट घालून.

अजून एक, वजनाचा काटा. गटाच्या वजनमर्यादेत बसायला स्पर्धेआधी दोन दिवस पोरं जेवण-पाणी तोडतात आणि मैदानात पायात गोळे येतात. महिनाभर आधीपासून दर आठवड्याला वजन वहीत लिहा. वजन बसत नसेल तर वरच्या गटात खेळवा. उपाशी खेळवलेलं पोर पुढच्या मोसमात दिसत नाही.

रानजाई
मुली आठवी-नववीत गळतात, आणि कारण बहुतेक वेळा खेळ नसतं. अंधार, शौचालय नसणं आणि शिकवणीची वेळ, ही तीन कारणं. साडेपाचला सुरू करून हिवाळ्यात पावणेसातच्या आत घरी पोचतील असं बसवा. एक बाई मैदानावर कायम हवी, मदतीला अधूनमधून येणारी नाही.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीतून उभ्या राहिलेल्या, फुटबॉलमधून मुलांना शाळेत टिकवणाऱ्या ऑस्कर फाउंडेशनचा 'शाळा नाही तर फुटबॉल नाही' हा नियम घ्या, पण शाळेतल्या हजेरीला लावा, गुणांना नको. नापास होणाऱ्याला मैदानाबाहेर काढलं तर ज्याच्यासाठी हे चाललंय तोच जातो. मुंबईत १९९९ मध्ये मॅजिक बस सुरू करणारे मॅथ्यू स्पेसी रग्बीचे खेळाडू होते. त्यांच्या संस्थेनं वस्तीतल्याच तरुणांना गटप्रमुख केलं. तेच करा, दर आठ-दहा मुलांमागं गावातला एक अठरा-वीस वर्षांचा. तीन दिवस सलग खाडा झाला की त्यानं घरी जायचं.

पालकांना नोकरीचं आमिष दाखवू नका. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पात्र स्पर्धेतली कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. गल्लीतल्या चषकाचा तिथं उपयोग नाही. वर्गात तीस मुलं असली तर एखाददुसराच तिथवर जाईल, हे पहिल्याच पालकसभेत सांगा.

आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करा. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आपसात मिटवू' म्हणणारा विश्वस्त नकोच. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक भिंतीवर रंगवून घ्या.

कोपरारक्षक
भरपूर मिळालं. शेवटचं, मी स्वतः मानधन घेऊ शकतो का? फुकट फार दिवस जमणार नाही.

हिशेबनीस
घ्या, पण मग विश्वस्त होऊ नका. पगारी प्रशिक्षक व्हा, नेमणुकीचा ठराव कार्यकारी मंडळानं करावा, रक्कम गावातल्या क्रीडाशिक्षकाच्या पगाराला धरून ठेवावी आणि दरमहा बँकेतूनच जावी. अध्यक्षही तुम्ही आणि पगारही तुम्हाला, असं असेल तर लेखापरीक्षक पहिलं बोट त्यावरच ठेवतो.