कोर्स आधी की शहापूर आधी?
एमडी स्किननंतर (त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी) जागतिक आरोग्यात जायचंय, तर नेतृत्वाचा ऑनलाइन कोर्स करू की मार्गदर्शक शोधू, असं ठाण्याच्या एका डॉक्टरांनी विचारलंय. मार्गदर्शक शोधा, आणि जमलं तर दोन: एक त्वचारोगतज्ज्ञ, दुसरा कुष्ठरोग कार्यक्रमात मुरलेला. गोळ्यांचं मागणीपत्र कुठे अडकतं ते दुसऱ्यालाच ठाऊक असतं.

काम लहान घ्या: कुष्ठरोग कसा ओळखायचा ते शिकवायचं. शहापूर किंवा मुरबाडचं एकच प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथल्या आशाताई आणि वैद्यकीय अधिकारी, बस्स. स्लाइड्स कमी, हात जास्त. चट्ट्यावर पेनाच्या टोकाचा हलका स्पर्श करायचा, रुग्णाचे डोळे मिटलेले, आणि जिथे जाणवलं तिथे त्याने बोट ठेवायचं. हमखास चूक होते ती इथे: "कळतंय का?" असं विचारलं की रुग्ण भिडेखातर हो म्हणतो. कोपरामागची अल्नर नस (करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दोन्ही हातांची ताडून बघायची, तेव्हा नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. दुखलं तर तिथे आधी दिसतं. करंगळीचा जोर अलीकडे गेला असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा. सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइड मिळालं तर ताकद परतण्याची आशा जास्त.

केंद्रातून चट्ट्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, एरवी फाइल दाबली जाते आणि फिकट चट्टा पुसट होतो. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड.

परदेशातला नमुना हवाच असेल तर टांझानियात मोशी इथलं प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्र बघा. १९९० च्या दशकापासून तिथे एमबीबीएस नसलेले क्लिनिकल ऑफिसर त्वचारोग शिकून आपापल्या देशांत परततात. तुमचा कोर्स हे शिकवत असेल तर खुशाल पैसे भरा.