पणजीजवळ ताळगावात लाइट-पाण्यासकट फ्लॅट, २२ हजार. घेऊ का?

सत्तरीची
बांबोळीला ड्युटी आहे. रात्रपाळी संपवून सत्तरी तालुक्यातल्या घरी जायला वाळपयच्या बसची वाट बघत बसायचं, याचा आता कंटाळा आलाय. ताळगावात एक वन बीएचके बघितला. भाडं २२ हजार, त्यात लाइट, पाणी, वाय-फाय, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं. डिपॉझिट दोन महिन्यांचं. लाइटबिल मी भरायचं म्हटलं तर १८ हजार, असं मालक म्हणतात. मला दिवसा झोपावं लागतं, त्यामुळे एसी लागणारच. करारात मात्र "विजेचा वाजवी वापर" एवढेच तीन शब्द आहेत. मैत्रीण म्हणते डोळे झाकून घे. आई म्हणते, एवढं उदार कोण असतं गो?

पर्वरीकर
आईचं ऐका.

मळ्यातली काकी
बाय, मी स्वतः पणजीच्या मळा भागात वरचा मजला भाड्याने देते, तेव्हा मालकाच्या पोटातलं सांगते. "सगळं धरून" भाडं ठरवताना आम्ही मे महिन्याचं बिल डोळ्यासमोर ठेवतो, ऑगस्टचं नाही. भाडं मात्र बाराही महिने तेच.

आता तुझा हिशेब. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला साधारण १ युनिट धर, जुना असेल तर दीड. आठ तास झोपलीस तर महिन्याला २४० युनिट. फ्रिज, पंखे, गिझर, इस्त्री धरून उन्हाळ्यात ३५०च्या आत. पावसात एसी बंद झाला की शंभर-सव्वाशे. गोव्यात घरगुती मीटरवर ३५० युनिटांना चार हजार बिल येत नाही गो, निम्मं आलं तरी खूप झालं. म्हणजे वरचे चार हजार कसले? अकरा महिन्यांचे ४४ हजार होतात. त्यात गणेश चवथीचा बाजार आणि वर एक नवा फ्रिज येतो.

पण १८ला हो म्हणण्याआधी मीटर बघ. वीज खात्याचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, पहिली १०० युनिटं सगळ्यात स्वस्त आणि ४००च्या वर सगळ्यात महाग. मालकाचं बिऱ्हाड आणि तुझं एकाच मीटरवर असेल, तर दोघांची युनिटं एकत्र होऊन तू महागड्या टप्प्यात जातेस, स्वतः जपून वापरलंस तरी. स्वतंत्र मीटर असेल तर फ्लॅटमधला मेन स्विच बंद कर आणि खाली जाऊन मीटरवरचा लाल दिवा बघ. सगळं बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर जिन्यातला दिवा नाहीतर पाण्याचा पंप कुणीतरी तुझ्या मीटरला जोडलाय.

आणि लाइटसकटच घ्यायचं असेल तर "वाजवी" हा शब्द खोड. तिथे युनिटांचा आकडा घाल. रुपयांचा नको, दर बदलतात.

ताळगावकर
काकींनी विजेचं सांगितलंच. पाण्याचंही विचारा. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारी जलवाहिनी फुटली की आमच्याकडे दोन दिवस नळ कोरडे. टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, ते आत्ताच लिहून घ्या. आमच्या मालकांच्या मते "पाणी" म्हणजे फक्त नळाचं बिल. ते काय, किरकोळच असतं.

सत्तरीची
काकी, जाऊन आले. मीटर वेगळा आहे आणि मेन बंद केल्यावर दिवा थांबला. मागच्या वर्षीची बिलं मागितली तर मालकांनी कुरकुर न करता दाखवली. मे महिन्याची ३१२ युनिटं. १८ हजारांवर ठरलं, टँकर आला तर खर्च त्यांचा. फक्त करार आत्ता फेब्रुवारीपासून ३० नोव्हेंबरपर्यंतच करूया म्हणतात. "पुढचं पुढे बघू."

पर्वरीकर
पुढचं त्यांनी बघून ठेवलंय. डिसेंबरात तोच फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भावाने जाईल.

मळ्यातली काकी
हे मात्र खरं. नाताळच्या तोंडावर ताळगावात घर शोधणं म्हणजे तोंडचं पाणी पळतं. करार पूर्ण अकरा महिन्यांचा कर, आणि त्याआधी उठवायचं असेल तर दोन महिन्यांची नोटीस, असं लिहून घे. नाही म्हणाले तर हजार रुपये कमी कर म्हणावं. आणि पोलीस स्टेशनचा भाडेकरूंचा फॉर्म त्यांच्याकडून भरून घे, राहायला जायच्या आधी. तुझ्या दिवसाच्या झोपेसाठी बेडरूमची खिडकी कुठल्या दिशेला आहे, ते बघितलंस का?

सत्तरीची
पश्चिमेला. दुपारी दोननंतर भाजतं.

मळ्यातली काकी
मग जाड पडदे मालकाकडून मागून घे. एसीची युनिटं तिथेच वाचतील.